कलपाखालचे नाना

"नाना, भात वाढू ना अजून?"

डोक्यावरचा पदर एका हाताने सावरत आणि दुसऱ्या हातात भाताचं पातेलं धरून मीनाक्षीबाई टेबलापासून चार हात लांब उभ्या होत्या. श्रीनिवासरावांनी ताटावर हात आडवा धरला. भूक होती अजून. पण आपण जितक्या लवकर उठू तितक्या लवकर ही खाली बसेल, हे गणित त्यांना आता पाठ झालं होतं.

"ताई, टेका की जरा. पाय बघा, कसे टम्म झालेत," ओट्याशी उभी असलेली म्हाळसाबाई म्हणाली.

"नानांच्या समोर?" मीनाक्षीबाई कुजबुजल्या. "काहीतरीच तुझं."

यात चूक एवढीच होती, की नाना म्हणजे मीनाक्षीबाईंचे सासरे, आणि त्यांना जाऊन वीस वर्षं उलटली होती. टेबलाशी बसलेला माणूस त्यांचा नवरा होता.

श्रीनिवासराव उठले, हात धुतले, चपला घातल्या आणि जिना उतरून पार्किंगमधल्या सिमेंटच्या बाकावर जाऊन बसले. नाना जेवून पाय मोकळे करायला बाहेर पडत आणि मग सून पान वाढून घेई. म्हणून आताही नाना बाहेर पडल्याशिवाय वर कोणी जेवणार नव्हतं. उस्मानपुऱ्यातल्या त्या इमारतीतले लोक म्हणायचे, म्हातारबुवांना हवा लागते दुपारची. पार्किंगमध्ये हवा कसली, पेट्रोलचा वास. पण माणसांविषयी आपण जे ठरवतो ते सहसा सोयीचं असतं. थोड्या वेळाने म्हाळसाबाई गॅलरीतून हात करी. त्याचा अर्थ, ताई जेवल्या, या वर.

नाना मूळचे पैठणचे, भिक्षुकीच्या घरातले, पुढे कारकुनीत शिरलेले. नोकरीने घरातली पूजा-पंचांगं गेली, पण पानावरची शिस्त राहिली. चित्राहुती घालून मुकाट्याने जेवायचं, आणि ते आचवून उठेपर्यंत सुनेने हातात पळी घेऊन उभं राहायचं. ते जेवल्याशिवाय तिने जेवायचं नाही. असं त्यांनी तिला कधी सांगितलं नव्हतं. पण न सांगता पाळल्या जाणाऱ्या नियमांवर अपील चालत नाही. मीनाक्षीबाई नाना असेपर्यंत उभ्या राहिल्या, आणि नाना गेले तेव्हा सगळ्यांत जास्त रडल्या त्याच.

आता डॉक्टर म्हणत होते, मेंदू आटत चाललाय. गेल्या दोन-तीन वर्षांत अलीकडचं एकेक पुसलं गेलं होतं. आधी नातवाचं नाव, मग मुलगा हिमांशू पुण्यात असतो हे, मग नवरा निवृत्त झाला हे. राहिलं ते जुनं, आणि जुन्यात सगळ्यात खोल गेलेलं ते उभं राहणं.

नवऱ्याला नाना समजण्यात मात्र त्यांचा सगळाच दोष नव्हता. श्रीनिवासरावांचे केस चाळिशीतच पिकायला लागले होते. सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर बसून पिकलेलं डोकं त्यांना शोभेना, म्हणून औरंगपुऱ्यातल्या मुश्ताकभाईंच्या खुर्चीत बसून ते वर्षानुवर्षं कलप लावत आले. निवृत्तीच्या समारंभात मात्र त्यांनी जाहीर केलं, "नोकरीत मी खोटी नोंद कधी केली नाही. केली ती फक्त डोक्यावर. उद्यापासून तीही बंद." टाळ्या पडल्या. माणूस आयुष्यात एकदाच टाळ्या मिळवतो आणि मग त्यांना जन्मभर बांधील राहतो. श्रीनिवासरावांनी केस पांढरे होऊ दिले. ते जसजसे पांढरे झाले तसतसे आतून नाना बाहेर आले. तेच रुंद कपाळ, तसंच कानामागे वळलेलं पांढरं झुलूप. पैठणचा एखादा पाहुणा आला की म्हणे, अगदी नाना बसल्यासारखे वाटतात. तेव्हा श्रीनिवासरावांना बरं वाटायचं.

दुपारपर्यंत ठीक असायचं. खरी पंचाईत संध्याकाळी व्हायची. साडेपाचच्या सुमारास मीनाक्षीबाई वेणी घालून घेत, पावडर लावत आणि गॅलरीत जाऊन फाटकाकडे बघत उभ्या राहत. हे ऑफिसातून येणार असत. अंधार पडला की त्यांची बोटं गॅलरीच्या गजावर वळवळायला लागत.

एका संध्याकाळी त्या आत आल्या. पदर डोक्यावर होताच. सोफ्यापासून लांब उभं राहून म्हणाल्या, "नाना, हे अजून आले नाहीत. तुम्ही जरा ऑफिसात फोन करून बघता का?"

श्रीनिवासरावांनी फोन उचलला. कुठलाही नंबर न लावता कानाला धरला. थोडा वेळ ऐकल्यासारखं केलं.

"निघालाय म्हणे," ते म्हणाले.

"मग येतील." मीनाक्षीबाईंचा चेहरा उजळला आणि त्या परत गॅलरीत गेल्या.

हे सगळं म्हाळसाबाईने स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं. ती हर्सूलची, घर धनगराचं. माहेरची मेंढरं आता भावाकडे, तीही मोजकी. ती स्वतः उस्मानपुऱ्यात आजारी माणसं सांभाळायची. पोळ्या झाकून ठेवून ती बाहेर आली.

"साहेब, एक बोलू का? राग नका धरू."

"बोल."

"मेंढीचं पिल्लू मेलं ना, की ती दुसरं पोरकं पिल्लू जवळ घेत नाय. लाथा घालती. मग आमची माणसं काय करतात, मेलेल्या पिल्लाचं कातडं त्या पोरक्याच्या अंगावर बांधतात. मेंढी वास घेती अन् पाजती."

"बरं?"

"तुम्ही केस काळे करा."

श्रीनिवासराव कडवट हसले. "म्हणजे मी मेलेल्याचं कातडं पांघरू?"

"दुसऱ्याचं कुठं हाय? तुमचंच हाय की."

सत्तरीला आलेल्या माणसाने केस काळे करावेत की करू नयेत, यावर त्या इमारतीत दोन पक्ष होते. वरच्या मजल्यावरचे शिवशंकर, बँकेतून कॅशियर म्हणून निवृत्त झालेले, हे काळ्या पक्षाचे. त्यांच्या मिशा इतक्या काळ्या असत की वरच्या ओठाला बूटपॉलिश लागल्यासारखं दिसे. श्रीनिवासराव पांढऱ्या पक्षाचे, आणि शिवशंकरांच्या मिशांवर त्यांनी आजवर केलेले विनोद सगळे व्याजासकट त्यांच्या नावावर होते. शिवाय घरात बायको अशी. अशा वेळी नवरा कलप लावून जिना उतरला तर लोक काय अर्थ लावतील, हे कळायला आवक-जावकचा कारकून असण्याचीही गरज नव्हती. रात्री अंथरुणावर पडून त्यांनी हे सगळं एका बाजूला मांडलं. दुसऱ्या बाजूला एकच गोष्ट होती. गजावर वळवळणारी बोटं.

सकाळी ते औरंगपुऱ्यात गेले.

मुश्ताकभाईंनी कापड झटकलं. "क्या साब, रिटायर हुए तब तो बोले थे, अब नक्को. सबके सामने बोले थे, मेरे कू बी बताए थे. अब क्या हो गया?"

"लगा दो."

"शादी-वादी है क्या घर में?"

"नहीं."

मुश्ताकभाई पुढे बोलले नाहीत. त्यांची स्वतःची दाढी मेंदीने लाल होती. गिऱ्हाईक आरशात स्वतःकडे न बघता खाली बघायला लागलं की गप्प राहावं, हे या धंद्यात लवकर कळतं. ब्रशने काळं चढवता चढवता ते एवढंच म्हणाले, "पहले वाला शेड दे रहा हूं. मेरे कू याद है."

नवरा दुपारी घरी येत नसतो. म्हणून श्रीनिवासराव दुपारभर बाहेरच काढून, एका खानावळीत जेवून, संध्याकाळी घराकडे वळले. माळ्यावरची जुनी रेक्झिनची बॅग सकाळीच काढून बरोबर नेली होती. तिच्यात वर्तमानपत्राशिवाय काही नव्हतं. त्यांनी पूर्वीसारखी बेल वाजवली, लागोपाठ दोनदा.

दार मीनाक्षीबाईंनी उघडलं. त्यांनी बॅगेकडे पाहिलं, डोक्याकडे पाहिलं.

"आलात? किती उशीर हो. फोन तरी करायचा."

पदर खांद्यावर होता. डोक्याकडे गेलाच नाही. म्हाळसाबाई आतून बघत होती, तिने तोंडाला पदर लावला.

त्या संध्याकाळी मीनाक्षीबाई सोफ्यावर त्यांच्याजवळ बसल्या. पाय वर घेऊन, मांडी घालून. पोहे खाल्ले, त्यांच्या बशीतले शेंगदाणेही वेचून खाल्ले. बोलल्या किती तरी. कुणाकुणाची बारशी, कुणाची भांडणं, तीस-तीस वर्षांपूर्वीची, ताजी. मग आवाज उतरवून म्हणाल्या, "अहो, नानांकडे जरा बघत जा."

"का? काय झालं?"

"हल्ली फार बोलत नाहीत. भातही कमी घेतात. जेवले की खाली पार्किंगमध्ये जाऊन एकटेच बसतात. मी गॅलरीतून बघते ना. मला मेलीला त्यांच्याशी काय बोलायचं ते सुचत नाही. तुम्ही मुलगा आहात. म्हातारं माणूस आहे हो, कुणी विचारत नाही असं वाटत असेल त्यांना."

श्रीनिवासरावांच्या हातातला चहा गार झाला. "बघतो," ते म्हणाले.

रात्री जेवताना नानांची चौकशी झाली. नाना जेवून झोपले, असं म्हाळसाबाईने ठोकून दिलं आणि ते पचलं. सहा महिन्यांत पहिल्यांदा नवरा-बायको समोरासमोर बसून जेवले. मीनाक्षीबाईंनी दोन पोळ्या खाल्ल्या. सुखाचा हिशोब मांडायचाच, तर तेवढी एक संध्याकाळ.

दुसऱ्या दिवशी दुपारी पानं वाढली. मीनाक्षीबाई बसेनात.

"नाना कुठे आहेत?"

"जेवले की," म्हाळसाबाई म्हणाली.

"कधी? मी तर वाढलं नाही."

"मी वाढलं."

"तू?" मीनाक्षीबाई तिच्याकडे बघतच राहिल्या. "तुझ्या हातचं? नाना?"

म्हाळसाबाईने श्रीनिवासरावांकडे पाहिलं. "व्हय, ते बी खरं. नानांनी माझ्या हातचं पाणी बी घेतलं नसतं," ती म्हणाली आणि भाजी परतायला वळली.

मग श्रीनिवासराव म्हणाले, नाना पैठणला गेलेत. मीनाक्षीबाईंनी मान हलवली. नाना गावाला निघाले की सुनेच्या हातच्या दुधातल्या दशम्या फडक्यात बांधून नेत. ती उठून दशम्या करत असे. "माझ्या हातची दशमी घेतल्याशिवाय नाना गेले? माझं काही चुकलं का?" एवढं म्हणून त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि पिठाचा डबा उघडून तशाच उभ्या राहिल्या.

त्या दिवशी त्यांनी फक्त चहा घेतला. दुसऱ्या दिवशीही. श्रीनिवासराव घास हातात धरून विनवायला लागले की त्या शरमून म्हणत, "असं काय करता? नाना जेवायचे आहेत अजून." आता त्या गॅलरीत जात आणि फाटकाकडे बघत नसत, खाली सिमेंटच्या बाकाकडे बघत. बाक रिकामा होता. तो भरायचा तर त्याच्यावर बसणारा माणूस त्यांच्या शेजारीच उभा होता, काळ्या केसांचा.

"कातडं एकच, साहेब," म्हाळसाबाई संध्याकाळी हळू म्हणाली. "मेंढीचं एक पिल्लू हरवलेलं असतं. ताईंची दोन माणसं हरवलीत. तुम्ही एक झालात की दुसरं जातंय."

"मग काय करू?"

"मला काय ठावं? मी मेंढराचं सांगितलं. माणसाचं कुठं कळतंय."

रविवारी हिमांशूचा व्हिडिओ कॉल आला. आईची चौकशी करता करता तो थांबला.

"बाबा, केस काळे केलेत?"

"हो."

"आई या अवस्थेत असताना..." त्याने वाक्य सोडून दिलं. "काही नाही. छान दिसताय."

श्रीनिवासराव सगळं सांगू शकले असते. पण सगळं सांगायचं म्हणजे, तुझी आई मला ओळखत नाही हेही सांगायला हवं होतं, आणि ते त्यांनी मुलापासून लपवलं होतं. "ठीक आहे ती," ते म्हणाले.

शिवशंकरांनी तर जिन्यातच गाठलं. "क्या बात है, राव! आमच्या पक्षात प्रवेश? मुलगी बघायला निघालात की काय?" मग आपल्या काळ्याभोर मिशांवरून बोट फिरवत, आवाज खाली आणून म्हणाले, "माझं सोडा हो. पण बायका बोलतात. घरात बाई आजारी, आणि हे असं. मी म्हटलं, तुमच्या कानावर असावं."

"असू दे," श्रीनिवासराव म्हणाले.

तिसऱ्या दिवशी दुपारी मीनाक्षीबाईंना उठताना चक्कर आली. म्हाळसाबाईने धरलं म्हणून पडल्या नाहीत. पलंगावर बसवलं, पाणी दिलं. पाणी प्यायच्या आधीही त्यांनी विचारलं, "नानांनी घेतलं का?"

श्रीनिवासराव समोर खुर्ची ओढून बसले. खोटं तीन दिवस बोलून झालं होतं आणि त्याने तिच्या पोटात एक घास गेला नव्हता. मग खरं तरी बोलून बघावं. कारकुनाला कागदावर जे खरं ते शेवटी चालतं असं वाटत असतं.

"अगं ऐक. नाना गेले."

"कुठे?"

"वारले."

म्हाळसाबाई दारात थिजली. मीनाक्षीबाईंनी पाण्याचा पेला खाली ठेवला. डोळे भरून आले, तसेच त्या नवऱ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांची नजर वर गेली, कपाळावर, आणि तिथेच अडकली.

"मग हे काय?"

"काय?"

"केस." त्यांनी घाबरून दाराकडे पाहिलं, कुणी ऐकत तर नाही ना म्हणून. "नाना गेले आणि तुमच्या डोक्यावर केस? थोरले ना तुम्ही? अहो, लोक काय म्हणतील? आपल्यावर प्रेमच नव्हतं मुलाचं असं वाटेल हो नानांना."

वडिलांना अग्नी देणाऱ्या मुलाने केस ठेवायचे नसतात. वीस वर्षांपूर्वी श्रीनिवासरावांनी ते काढले होतेच, कलपासकट. पण ते तिच्या डोक्यातून पुसलं गेलं होतं आणि मागे राहिला होता तो फक्त नियम.

ते उठले. बॅग न घेताच औरंगपुऱ्यात गेले.

मुश्ताकभाईंनी नुकतंच चढवलेलं काळं बोटांनी उलटून बघितलं. "क्या हुआ साब? पसंद नहीं आया?"

"काढून टाका सगळे."

मुश्ताकभाईंनी हातातला कंगवा ठेवला. "कौन गुजर गया?"

"वडील."

"वालिद?" त्यांनी आरशातून श्रीनिवासरावांकडे पाहिलं. "वो तो कब के गुजर गए ना साब? बाल आने के बाद मेरेच पास आए थे आप."

"हो. घरात आज कळलं."

मुश्ताकभाई बराच वेळ वस्तऱ्याचं पातं बदलत राहिले. मग पाण्याने डोकं भिजवलं आणि विचारलं, "चोटी छोडना ना?"

"छोडो."

काळे केस मांडीवरच्या कापडावर पडत राहिले. ते उठले तेव्हा मुश्ताकभाईंनी त्यांचा हात खिशाकडे जाऊ दिला नाही. "मय्यत का नहीं लेता मैं," ते म्हणाले.

त्यानंतर त्या घरात सुतक सुरू झालं. आणि सुतक संपू नये असं वाटणारा माणूस पैठणच्या त्या घराण्यात पहिल्यांदाच निघाला. कारण सुतकात पंगत नाही, वाढणं नाही, नानांसाठी थांबणं नाही. शेजाऱ्यांनी आणून दिलेलं पिठलं-भात घरच्यांनी एकत्र बसून खायचं असतं. म्हाळसाबाई पिठलं करी, झाकून जिन्यात नेई आणि बेल वाजवून आत आणी. "शेजारून आलंय." मीनाक्षीबाई नवऱ्याला खेटून जमिनीवर बसत, त्यांच्या तुळतुळीत डोक्यावरून हात फिरवत आणि म्हणत, "खा हो दोन घास. नानांना आवडणार नाही तुम्ही उपाशी राहिलेलं." आणि त्यांना खाताना बघून स्वतःही खात. पायांची सूज उतरली.

या जेवणाची किंमत सकाळी द्यावी लागे. झोपेत सगळं पुसलं जायचं. मीनाक्षीबाई उठून बाहेर येत, सोफ्यावर बसलेल्या नवऱ्याचं डोकं बघत आणि छातीवर हात ठेवत.

"अहो, हे काय? कोण गेलं?"

"नाना."

मग त्या पहिल्यांदाच ऐकल्यासारख्या रडत. भिंतीला धरून खाली बसत. कधी गेले, कसे गेले, पाणी कुणी पाजलं, मला का उठवलं नाही. श्रीनिवासराव रोज सगळं सांगत. एक दिवसाआड मुश्ताकभाईंकडे जाऊन डोकं घोटून येत, कारण खुंट वर आले की ते पांढरे येत. म्हणजे सकाळी तिला रडवायचं आणि दुपारी तिच्याजवळ बसून जेवायचं, असा तो व्यवहार होता. रडणं तिच्या नावे आणि जेवण दोघांच्या, असं त्यांनी स्वतःला काही दिवस समजावलं. आपल्या बाजूचा आकडा माणूस नेहमी दोघांच्या नावाने लिहितो.

एका सकाळी त्या बाहेर आल्या, थांबल्या, आणि त्यांनी विचारलंच नाही. डोक्याकडे बघितलं आणि तिथेच दाराच्या चौकटीत बसल्या. "कोण ते सांगू नका," एवढंच म्हणाल्या. "सांगू नका."

श्रीनिवासराव उठून त्यांच्याजवळ गेले. "कुणी नाही गं. डोक्यात उष्णता झाली होती म्हणून काढले."

"खरं?"

"खरं."

त्यांनी पदराने डोळे पुसले. हसल्याही थोड्या. मग उठता उठता म्हणाल्या, "मग नाना कुठे आहेत? चहा झाला का त्यांचा?"

त्या दिवशी डोकं घोटायची पाळी होती. श्रीनिवासराव गेले नाहीत. दुसऱ्या दिवशीही गेले नाहीत. म्हाळसाबाईने एकदा विचारलं, "साहेब, डोकं?" ते म्हणाले, "राहू दे." तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि त्या दिवशी पिठलं केलं नाही. वरण-भात केला. तो नाना नाहीत म्हणून तसाच राहिला, आणि रात्री मीनाक्षीबाईंना तिने कसंबसं दूध पाजलं.

खुंट वर यायला फार वेळ लागला नाही. सत्तरीतही केस वाढतात, आणि या कामात ते भलतेच प्रामाणिक असतात.

चार-पाच दिवसांनी सकाळी मीनाक्षीबाई बाहेर आल्या. सोफ्यावर श्रीनिवासराव वर्तमानपत्र धरून बसले होते, पान न उलटता. त्या थांबल्या. पांढऱ्या खुंटांवरून त्यांची नजर कानामागे गेली, परत कपाळावर आली. मग हात पदराकडे गेला. त्यांनी तो डोक्यावरून नीट पुढे ओढला आणि भिंतीच्या कडेला सरकून उभ्या राहिल्या.

"नाना, आज लवकर उठलात? चहा ठेवते हं."

आवाज हलका होता. त्यात रडण्याचा मागमूस नव्हता.

"ठेव बेटा," श्रीनिवासराव म्हणाले. नाना तिला बेटा म्हणत.

दुपारी मीनाक्षीबाईंनी उभं राहून वाढलं. ते भराभर जेवले, उठले, चपला घालून खाली गेले. शिवशंकर स्कूटर काढत होते. त्यांनी त्या डोक्याकडे पाहिलं, काहीतरी तयार करून आणलेलं तोंडात आलं असावं. पण "ऊन आहे हो," एवढंच म्हणाले आणि गेले.

थोड्या वेळाने म्हाळसाबाई खाली आली. हातात झाकलेली वाटी होती.

"जेवली का ती?"

"जेवल्या. पोटभर जेवल्या. हे तुम्हाला पाठवलंय." तिने झाकण काढलं. दहीभात होता. "म्हणल्या, नाना हल्ली भात कमी घेतात, एवढा नेऊन दे. अन् म्हणल्या, तुझ्या हातचं घेतात का ते विचार आधी."

श्रीनिवासरावांनी वाटी घेतली आणि तिथेच बाकावर बसून खायला लागले. वाटी पुसून खाल्ली. म्हाळसाबाई ती घेऊन वर गेली, पण ते गेले नाहीत. बसूनच राहिले.

ऊन उतरलं. वर गॅलरीत मीनाक्षीबाई येऊन उभ्या राहिल्या. वेणी घातलेली, पावडर लावलेली. त्यांची नजर बाकावरून, त्याच्यावर बसलेल्या पांढऱ्या डोक्यावरून पुढे गेली आणि फाटकावर जाऊन थांबली.

श्रीनिवासरावांनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. मग बाकावर हळूच वळून बसले, आणि तेही फाटकाकडे बघायला लागले.